रक्ताच्या वाटेवरचा विळा

दोस्तांनो, दिवाळीच्या आगेमागे तुम्ही गोंदिया जिल्ह्यात गेलात, तर एक हत्यार तुम्हाला घरोघरी दिसेल. विळा! तेव्हा धान कापणीला आलेलं असतं. गोरेगाव असो, सडक अर्जुनी असो की आमगाव, बांध्याबांध्यांतून कापणी चालू असते. विळ्याची ती वाकडी पात सगळ्यांच्या ओळखीची असते.

पण याच आकाराची एक गोष्ट इथल्या काही मुलामुलींच्या रक्तातही असते. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. ती बघायची तर सूक्ष्मदर्शकच हवा. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात आणि पेशीला ‘सेल’. म्हणून या आजाराचं नाव पडलं सिकलसेल. गोंदियाच नव्हे, तर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या सगळ्या भागात आणि तिकडे नंदुरबारलाही हे नाव तुम्हाला ऐकायला मिळेल. रोग आहे रक्ताचा, पण त्याचा खरा धुमाकूळ चालतो तो रक्तवाहिन्यांमध्ये. तो कसा, हेच आज आपण पाहणार आहोत.

शाळा बुडवायचे बहाणे?

समजा, तुमच्या वर्गात एक मुलगी आहे. महिन्यातून दोन-चार दिवस ती शाळेत येत नाही. कधी हात दुखतात म्हणते, कधी पाय, कधी पाठ. खेळाच्या तासाला ती लवकर दमते. सारखी पाणी पिते आणि तासाला दोनदा बाहेर जायची परवानगी मागते. बाहेरून बघावं तर कुठे जखम नाही, सूज नाही, पट्टी नाही! मग कुणीतरी म्हणतंच, “काही नाही जी, शाळा बुडवाचे बहाणे आहेत!”

बहाणे नसतात, दोस्तांनो. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाचं दुखणं एवढं भयंकर असू शकतं, की ते थांबवायला मोठमोठ्या डॉक्टरांनाही सगळ्यांत जोरदार वेदनाशामक औषधं वापरावी लागतात. ते दुखणं दिसत नाही, कारण ते घडतं केसाहूनही बारीक नळ्यांमध्ये. चला, त्या नळ्यांतच शिरू या.

धरण, कालवा आणि पाट

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचं धरण आहे. धरणातून मोठा कालवा निघतो. त्याला लहान कालवे फुटतात, त्यांना पाट फुटतात आणि शेवटी अगदी हातभर रुंदीच्या चारीतून पाणी धानाच्या बांधीत शिरतं. कालवा कितीही मोठा असला तरी धान पिकतं ते शेवटच्या चारीतल्या पाण्यावर. ती चारी तुंबली की बांधी सुकलीच म्हणून समजा!

आपलं शरीरही अस्संच आहे. हृदय म्हणजे पंप. ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं. मोठ्या धमन्यांतून ते लहान धमन्यांत जातं आणि शेवटी केशवाहिन्यांत पोचतं. नावातच ‘केश’ असलं तरी त्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. त्यांची रुंदी असते ५ ते १० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! प्राणवायू उतरवून घ्यायचं खरं काम इथंच होतं. स्नायूला, हाडाला, मेंदूला जे काही मिळायचं ते इथंच मिळतं.

आता गंमत बघा. प्राणवायू वाहून नेणारी तांबडी पेशी असते साधारण ७ ते ८ मायक्रॉन रुंद. म्हणजे अनेक ठिकाणी वाट अरुंद आणि गाडी रुंद! तरी ती जाते कशी? कारण निरोगी तांबडी पेशी मऊ, लवचीक असते. ती गोल आणि मधे चेपलेली असते. अरुंद जागी ती अंग दुमडते, एकेकटी रांगेनं पुढे सरकते आणि बाहेर पडली की पुन्हा गोल होते.

सिकलसेलच्या रुग्णात नेमकं इथंच घोडं पेंड खातं. पेशीनं प्राणवायू उतरवला की तिच्या आतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि त्याच्या लांबलचक काड्या तयार होतात. या काड्या पेशीला आतून ताणतात. मऊ पेशी कडक होते, वाकडी होते, विळ्यासारखी दिसू लागते. ती दुमडत नाही. वर ती वाहिनीच्या अस्तराला चिकटते. एक अडकली की मागची अडकते, तिच्या मागे आणखी दहा! पाटात काटक्या अडकून पाणी तुंबावं तसं रक्त तुंबतं. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि तो भाग अक्षरशः टाहो फोडतो. हीच ती वेदना.

ती हाडात होते, छातीत होते, पोटात होते. तान्ह्या बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या बिघडल्या की शरीराला पाणी राखून ठेवता येत नाही. म्हणून तर त्या मुलीला सारखी तहान लागते आणि सारखं बाहेर जावं लागतं! शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडतं, डोळे पिवळसर दिसतात, दम लागतो.

एका मण्याची चूक

हे सगळं कशानं होतं? तर एका मण्यानं!

हिमोग्लोबिन म्हणजे मण्यांच्या माळा समजा. त्यात दोन प्रकारच्या माळा असतात. त्यातल्या एका प्रकारच्या माळेत १४६ मणी असतात. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. सिकलसेलमध्ये त्यातला फक्त सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येऊन बसतं. बाकीचे १४५ मणी अगदी बरोबर! तरी एवढा गोंधळ!

या आजाराच्या शोधाची गोष्टही मोठी मजेची आहे. अमेरिकेत शिकागोला दंतवैद्यकी शिकायला ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा विद्यार्थी आला होता. तो आजारी पडून १९०४ मध्ये इस्पितळात दाखल झाला. तिथल्या तरुण डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांना त्याच्या रक्तात लांबट, वाकड्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर लेख लिहिला आणि जगाला हा आजार कळला. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. नंतर व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ च्या सुमारास तो नेमका मणी शोधून काढला.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींमध्ये या पेशी सापडल्या. आणि आपल्या भागाचं काय? १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध साप्ताहिकात लिहिलं. ते काम झालं होतं नागपुरात! याच नागपुरातून सिकलसेलग्रस्तांसाठी झटणारे संपत रामटेके यांची पुढे २०१८ मध्ये पद्मश्रीसाठी निवड झाली.

पण इथंच का?

हा आजार शापानं होत नाही, नजर लागून होत नाही, उष्टं खाऊन तर मुळीच होत नाही. तो आईवडिलांकडून मिळतो. आदिवासींत तो आढळतो, दलितांत आढळतो, इतर समाजांतही आढळतो. तो कुठल्या एका जातीचा नाही.

मग तो जंगलपट्ट्यांतच जास्त का? याचं उत्तर आहे डास! प्रत्येकाला हिमोग्लोबिनच्या सूचनेच्या दोन प्रती मिळतात, एक आईची आणि एक वडिलांची. दोन्ही चांगल्या असल्या तर त्याला ‘एए’ म्हणतात. एक चांगली आणि एक सदोष असली तर ‘एएस’. ही व्यक्ती वाहक असते, रुग्ण नाही. तिचं आयुष्य सहसा इतरांसारखंच चालतं. दोन्ही प्रती सदोष असल्या तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण.

१९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवलं, की ‘एएस’ मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगल, पाणी, डास आणि मलेरिया जिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तिथं ‘एएस’ मुलं जास्त जगली आणि तो सहावा मणी पुढच्या पिढ्यांत जात राहिला. म्हणजे पूर्वजांना वाचवणारी गोष्टच काही नातवंडांना भोवली!

दोन नाणी घ्या आणि खेळून बघा

आता एक खेळ. एक रुपयाची दोन नाणी घ्या. एक आईचं, एक वडिलांचं. दोघंही वाहक आहेत असं समजा. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे सदोष प्रत. दोन्ही नाणी एकदम उडवा आणि काय पडलं ते वहीत लिहा. असं चाळीस वेळा करा.

छापा-छापा साधारण दहा वेळा येईल. एक छापा आणि एक काटा साधारण वीस वेळा. काटा-काटा साधारण दहा वेळा. म्हणजे दोघं वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. पण लक्षात ठेवा, नाण्याला मागचं आठवत नसतं! पहिलं मूल रुग्ण झालं, आता पुढची तीन सुखरूप, असा हिशेब चालत नाही. दर वेळी नवा डाव.

एकच वाहक असेल आणि दुसरा ‘एए’, तर एकही मूल रुग्ण होत नाही. फार तर वाहक होतं. म्हणूनच लग्न ठरवताना पत्रिकेतले गुण जुळवण्याआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करा, असं डॉक्टर सांगतात. वाहक म्हणजे वाईट नव्हे, त्याचं लग्न होऊ नये असंही नव्हे. दोन वाहकांनी मात्र निर्णय घेण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हवं.

एका थेंबात उत्तर

आपण कोण हे कळायचं कसं? सोपं आहे. पहिली तपासणी असते सोल्युबिलिटी टेस्ट. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब एका रसायनाच्या नळीत टाकतात. नळीच्या मागे रेघा असलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन नाही. द्रव गढूळ झाला आणि रेघा दिसेनाशा झाल्या, तर ते आहे. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. काही मिनिटांचं काम!

पण गढूळ नळी एवढंच सांगते, की ‘एस’ आहे. तो वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी असते इलेक्ट्रोफोरेसिस. ही तर चक्क धावण्याची शर्यत! एका पट्टीवर रक्तातलं हिमोग्लोबिन ठेवून वीज सोडतात. साधं हिमोग्लोबिन पुढे पळतं, सिकलचं मागे राहतं. का, तर त्या बदललेल्या मण्यामुळे त्याचा विद्युतभार कमी झालेला असतो. पुढे एकच पट्टा दिसला तर निरोगी, दोन दिसले तर वाहक, मागे एकच मोठा दिसला तर रुग्ण. आता एचपीएलसी नावाच्या यंत्रावरही हीच ओळख पटवतात.

केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. शून्य ते चाळीस वर्षं वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असं त्याचं लक्ष्य आहे. म्हणून शाळेत, आश्रमशाळेत किंवा गावात तपासणीचं पथक आलं, तर पळून जाऊ नका! सुई टोचते मुंगी चावल्याएवढी.

उपाय आहे का?

आहे! लवकर निदान झालं, तर खूप काही करता येतं. रोज फॉलिक आम्लाची गोळी. भरपूर पाणी, कारण पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि काड्या लवकर बनतात. थंडीपासून जपणं, कारण गारठ्यानं वाहिन्या आकसतात. प्लीहा लहानपणीच निकामी होत असल्यानं जंतूंशी लढणारी ताकद कमी पडते. म्हणून लसी आणि लहान मुलांना पेनिसिलिन.

आणि एक खास औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. त्यामागची युक्ती ऐका. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्याच प्रकारचं असतं. त्याच्या काड्या होत नाहीत. म्हणून तर रुग्ण बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही. जन्मानंतर हा कारखाना हळूहळू बंद पडतो. हायड्रॉक्सियुरिया तो थोडाफार पुन्हा चालू करतं! १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की या औषधानं वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात. हे औषध मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत तपासतच घ्यायचं.

जुळणाऱ्या भावाबहिणीचा अस्थिमज्जा देऊन हा आजार मुळातून बरा करता येतो, पण ते अवघड आणि खर्चिक काम आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं जनुकात बदल करणाऱ्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. तोही अतिशय महाग आहे. दिल्लीतल्या आयजीआयबी या आपल्या संस्थेतले शास्त्रज्ञही अशाच उपचारावर काम करत आहेत.

रेल्वेची शिट्टी आणि मेंदूची नाडी

सिकलसेलचा सगळ्यांत वाईट घाव मेंदूवर होतो. विळ्याच्या पेशी घासून घासून मेंदूला रक्त देणाऱ्या मोठ्या धमनीचं अस्तर खराब होतं, धमनी अरुंद होते आणि एखाद्या दिवशी लहान मुलालाही लकवा मारतो. हे आधी कळलं तर?

गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन. फलाटावर उभं राहून न थांबणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकलीत कधी? गाडी जवळ येताना आवाज पातळ, चढा लागतो आणि पुढे निघून गेली की एकदम जाड होतो. यालाच डॉपलर परिणाम म्हणतात. हीच युक्ती डॉक्टर वापरतात. कानशिलाजवळ एक लहानसं यंत्र धरून ध्वनिलहरी आत सोडतात. धावणाऱ्या रक्तपेशींवर आदळून त्या परततात आणि रक्ताचा वेग सांगतात. पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते ना? तसंच धमनी अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो. सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेग भरला, की धोक्याची घंटा!

१९९८ मध्ये अमेरिकेत असा वेग भरलेल्या १३० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना नियमित रक्त दिलं, त्यांच्यात लकव्याचा धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला. म्हणून रुग्ण असलेल्या मुलांची वयाच्या दुसऱ्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत दर वर्षी ही तपासणी करावी, असं तज्ज्ञ सांगतात. ना सुई, ना भूल, ना दुखणं! ती कुठे होते, हे गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा आपल्या डॉक्टरांना पालकांनी जरूर विचारावं.

तुम्ही काय कराल?

तुमच्या वर्गात असा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर एवढं कराच. तिला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या. बाहेर जायची परवानगी मागितली तर हसू नका. उन्हात पळण्याची शिक्षा किंवा थंड पाण्यात पोहण्याची पैज तिच्यासाठी नाही, हे सरांना सांगा. बुडालेल्या दिवसांचा अभ्यास तिला द्या. दुखत असेल तिथं बर्फ लावू नका.

आणि ही लक्षणं पाठ करून ठेवा: जोराचा ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागणं, एकाएकी पांढरंफटक पडून डाव्या कुशीत पोट फुगणं, तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यातलं एकही दिसलं तर झाडफूक, अंगारा, ‘उद्या बघू’ असलं काही नको. लगेच मोठ्यांना सांगा, १०८ क्रमांकावर गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा.

२०१६ च्या कायद्यानं सिकलसेलचा समावेश अपंगत्वाच्या यादीत केला आहे. त्यामुळे रुग्ण विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळण्यासारख्या सवलती आहेत. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते परीक्षेच्या कितीतरी आधी काढावं लागतं. ही गोष्ट घरी आणि शाळेत सांगायला विसरू नका.

दर वर्षी १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन असतो. आपल्याकडे शाळा सुरू होण्याचेच ते दिवस! नवी पुस्तकं, नवी दप्तरं आणि त्याबरोबर एक नवी नोंद वहीच्या पहिल्या पानावर हवी. रक्तगटाच्या शेजारी लिहा: एए, एएस की एसएस? तुमचं उत्तर काय आहे, माहीत आहे का? नसेल, तर या आठवड्यातच आईबाबांना किंवा गावच्या आशाताईंना विचारा!